संगीत नाटकाचे जनक : अण्णासाहेब किर्लोस्कर

सोलापूरच्या नव्या पेठेत सायंकाळी क्षणभर उभे राहिले, तर एका दुकानातून मराठी, शेजारच्या दुकानातून कानडी आणि पलीकडून तेलुगू असे तीन भाषांचे बोल कानी पडतात. याच शहरात हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आहे. तेथे पडदा वर जातो, तेव्हा प्रेक्षकांपुढे सारे काही सिद्ध असते. पात्रे आपापल्या जागी असतात, पदांच्या चाली ठरलेल्या असतात आणि कोणता अंक कोठे संपावा हेही निश्चित असते. पाहणाऱ्यास वाटते, की हे नाटक प्रथमपासून असेच असले पाहिजे. परंतु वस्तुस्थिती निराळी असते. नाटक कागदावर लिहून झाले म्हणजे पुरे होत नाही. ते लोकांपुढे उभे राहते, चाचपडते, सुधारते आणि मग कोठे पूर्णत्वास जाते. आपले मराठी संगीत नाटक तर मुळी अर्धेच लोकांपुढे आले. ते धाडस करणाऱ्या पुरुषाचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब या नावाने ओळखतो.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आज कर्नाटक राज्यात आहे. घरात मराठी आणि गावात कानडी, अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. त्यामुळे कीर्तनातील साकी-दिंडीबरोबरच कर्नाटकी गाण्याच्या चालीही त्यांच्या कानांत लहानपणापासून मुरल्या. पुढे आयुष्यभर त्यांना उपयोगी पडलेली शिदोरी ती हीच होय.

योगायोग असा, की ज्या वर्षी अण्णासाहेबांचा जन्म झाला, त्याच वर्षी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. त्या काळच्या नाटकांत पदे असत. पण ती पात्रे म्हणत नसत. रंगमंचाच्या कडेला उभा असलेला सूत्रधार सर्वांच्या वतीने गाई आणि पात्रे त्यानुसार हावभाव करून आयत्या वेळी सुचेल ते गद्य भाषण करीत. दुःख एकाचे आणि गाणे दुसऱ्याचे, असा तो प्रकार होता.

विद्याभ्यासासाठी अण्णासाहेब पुण्यास आले. परंतु तेथे त्यांना पुस्तकांपेक्षा नाटकांनी अधिक ओढले. नाटक मंडळ्यांना ते पदे रचून देऊ लागले. शिक्षण मात्र मागे पडले. त्या काळी नाटक्या म्हणजे वाया गेलेला माणूस, अशी समाजाची समजूत होती. चांगल्या घरातील मुलाने तोंडास रंग लावणे हा कुळास कलंक मानला जाई. अण्णासाहेबांनी काही काळ शिक्षकाची आणि नंतर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी केली. तथापि त्यांचे मन दप्तरात रमले नाही. बेळगावात असता त्यांनी भरतशास्त्रोत्तेजक मंडळीच्या द्वारे नाटके केली. १८७३ साली त्यांचे 'शांकरदिग्जय' हे गद्य नाटक प्रसिद्ध झाले. बेळगावातच गोविंद बल्लाळ देवल त्यांच्या सहवासात आले आणि पुढे स्वतःही थोर नाटककार झाले.

अण्णासाहेब पुण्यात नोकरीस असता १८८० साली तेथे एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' या संगीत नाटकाचा खेळ झाला. तो पाहून, असे नाटक मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला, अशी हकीकत सांगितली जाते. त्यांनी कालिदासाचे 'अभिज्ञानशाकुंतल' हाती घेतले. गद्याच्या जागी सुबोध मराठी गद्य आणि श्लोकांच्या जागी गोड पदे, अशी त्यांची योजना होती. महत्त्वाचा पालट असा, की ज्या पात्राचे सुख वा दुःख, त्यानेच ते गावयाचे. राजा दुष्यंत स्वतः गाणार, कण्वमुनी स्वतः गाणार, शकुंतलाही स्वतःच गाणार. सूत्रधाराने सर्वांसाठी गाण्याची जुनी रीत येथे संपली.

मूळ नाटक सात अंकांचे आहे. सातही अंक बसवून होईपर्यंत थांबावे, की जेवढे तयार आहे तेवढे लोकांपुढे ठेवावे, हा प्रश्न होता. नाटकाची ही तऱ्हा मराठी प्रेक्षकांना सर्वस्वी नवी होती. ती लोकांना रुचली नाही, तर सारे श्रम फुकट जाणार होते. अण्णासाहेबांनी थांबण्याचे नाकारले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'संगीत शाकुंतल' या नाटकाचे केवळ पहिले चार अंक रंगभूमीवर आले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले होते, बाळकोबा नाटेकर कण्व झाले होते आणि शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदार यांनी केली होती. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच करण्याचा तो काळ होता.

चार अंकांवर थांबण्यात किती औचित्य होते, हे कथा आठवली म्हणजे ध्यानी येते. चौथ्या अंकात शकुंतला आश्रमाचा निरोप घेऊन सासरी निघते. वृक्षवेली, हरिणे आणि सख्या मागे राहतात आणि विरक्त कण्वमुनींचाही कंठ दाटतो. त्या रात्री प्रेक्षक हा निरोप पाहून घरी परतले. राजाने तिला ओळखू नये, हरवलेली मुद्रिका सापडावी आणि अखेरीस दोघांची भेट व्हावी, हा सारा भाग अद्याप रंगमंचावर यावयाचा होता. नाटक अपुरे होते. पण प्रयोग अपुरा वाटण्याजोगा नव्हता. लोकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. त्या स्वागताचे बळ घेऊन अण्णासाहेबांनी उरलेले तीन अंक सिद्ध केले आणि १८८१ साली सातही अंकांचे संपूर्ण 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले.

पालट केवळ अंकांच्या संख्येत झाला, असे मात्र नव्हे. १८८२ साली बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर हे तरुण गायक मंडळीत आले. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. पण आवाज असा, की ऐकणाऱ्याने तहानभूक विसरावी. शकुंतलेची भूमिका त्यांच्याकडे आली. ज्यांनी ती प्रथम केली होती, ते मुजुमदार रुसून निघून गेले नाहीत. ते मंडळीतच राहिले आणि पुढे त्यांनी अण्णासाहेबांचे चरित्रही लिहिले. नाटक मोठे व्हावे म्हणून आपली जागा दुसऱ्यास देणे, हेही नाट्यकलेच्या सेवेचेच एक अंग आहे.

आता अण्णासाहेबांचा आत्मविश्वास वाढला. त्यांनी दुसऱ्याच्या नाटकाचे भाषांतर न करता सुभद्राहरणाच्या कथेवर 'संगीत सौभद्र' हे स्वतंत्र नाटक रचले. त्यातील कृष्ण, बलराम, रुक्मिणी आणि सुभद्रा ही पात्रे पुराणातील खरी. पण त्यांचे रुसवेफुगवे, थट्टामस्करी आणि घरातील मसलती एखाद्या मराठी कुटुंबातील वाटतात. याही वेळी त्यांनी आपला क्रम सोडला नाही. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पहिल्या तीन अंकांचा प्रयोग झाला आणि १८८३ च्या मार्च महिन्यात पाचही अंकांचे नाटक लोकांनी पाहिले. भाऊरावांची सुभद्रा पाहण्यासाठी प्रेक्षकांची झुंबड उडू लागली. आज या नाटकास १४० वर्षे होऊन गेली, तरी काही पदे व प्रवेश कमी करून त्याचे प्रयोग होतच आहेत. पूर्ण झालेले नाटकही काळानुसार आपले रूप बदलते, ते असे.

इतर देशांतही नाटके याच वाटेने जातात. अमेरिकेत नवे संगीत नाटक न्यूयॉर्क शहरी आणण्यापूर्वी लहान शहरांत करून पाहण्याची चाल होती. 'ओक्लाहोमा' हे तेथील विख्यात नाटक प्रथम न्यू हेवन येथे निराळ्याच नावाने झाले. न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत त्याचे नाव बदलले आणि त्यातील मुख्य गीताला समूहगायनाचे रूप मिळाले. न्यूयॉर्कमधील त्याचा पहिला प्रयोग ३१ मार्च १९४३ रोजी झाला. अण्णासाहेबांच्या जन्मास त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे पूर्ण होत होती.

'सौभद्र' नाटकानंतर अण्णासाहेबांनी 'रामराज्यवियोग' लिहावयास घेतले. १८८४ साली त्याचेही पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. आता पुढील अंक केव्हा येतात, याची रसिक वाट पाहू लागले. मागे दोन वेळा त्यांची प्रतीक्षा सफळ झाली होती. परंतु या वेळी ते व्हावयाचे नव्हते. अण्णासाहेबांची प्रकृती ढासळली आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गुर्लहोसूर येथे त्यांचे देहावसान झाले. 'रामराज्यवियोग' तीन अंकांवर थांबले, ते कायमचेच.

'शाकुंतल' नाटकाच्या पहिल्या प्रयोगापासून मृत्यूपर्यंत अण्णासाहेबांना जेमतेम पाच वर्षे लाभली. सातही अंक निर्दोष होईपर्यंत ते थांबले असते, तर त्या पाच वर्षांत कदाचित फारसे काही घडले नसते. अपुरे लोकांपुढे ठेवण्यास धैर्य लागते आणि ते पुरे करण्यास चिकाटी लागते. त्यांच्या ठायी दोन्ही गुण होते. त्यांचे एक नाटक अपुरे राहिले. पण त्यांनी आरंभलेले कार्य अपुरे राहिले नाही. देवलांनी ते पुढे नेले, किर्लोस्कर नाटक मंडळीने ते गावोगावी पोहोचविले आणि १९०५ साली त्याच मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी त्यास वैभवाच्या शिखरावर नेले. अण्णासाहेबांनी मांडलेल्या खेळाचे उरलेले अंक पुढच्या पिढ्यांनी असे रंगविले.

अभ्यास

१. अण्णासाहेबांच्या पूर्वीच्या नाटकांत पदे कोण म्हणत असे? अण्णासाहेबांनी त्यात कोणता पालट केला?
२. 'शाकुंतल' नाटकाचा पहिला प्रयोग चौथ्या अंकाशी थांबविण्यात कोणते औचित्य होते?
३. शंकरराव मुजुमदार यांच्या वर्तनातून त्यांचा कोणता गुण दिसून येतो?
४. अपुरे कार्य लोकांपुढे ठेवावे की न ठेवावे, याविषयी आपले मत दहा ओळींत लिहा.