टेनिस नीट जमेना म्हणून रॅकेटच बदलणारा इंजिनिअर: हॉवर्ड हेड यांची गोष्ट, आणि तुमची पहिली रॅकेट कशी निवडावी

मी शिरवण्यात राहतो. जुईनगर-नेरुळच्या बाजूला सोसायट्यांमध्ये टेनिस कोर्ट दिसायला लागली तशी मलाही हौस आली. मोबाईलवर मॅचेस बघून एका मोठ्या खेळाडूची रॅकेट ऑनलाइन मागवली. दिसायला एकदम भारी! पण दोन महिन्यांत कोपर असं दुखायला लागलं की चहाचा कप उचलतानाही कळ यायची. चूक रॅकेटची नव्हती, निवडीची होती.

मग वाचता वाचता एका माणसाची माहिती मिळाली. त्याचंही टेनिस माझ्यासारखंच यथातथा होतं. फरक एवढाच की तो इंजिनिअर होता आणि गप्प बसणारा नव्हता. आज तुम्ही दुकानात जी कुठली रॅकेट हातात घ्याल, तिच्या आकारावर या माणसाची छाप आहे. त्याचं नाव हॉवर्ड हेड. हेड नावाचा ब्रँड ऐकलाय ना? तोच हा हेड!

विमानाच्या कारखान्यातून बर्फाच्या उतारावर

हॉवर्ड हेड यांचा जन्म ३१ जुलै १९१४ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इथे झाला. हार्वर्डमधून १९३६ साली इंजिनिअरिंग करून पुढे ते बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन या विमान कंपनीत लागले. तिथे त्यांना एक गोष्ट जवळून बघायला मिळाली. हलक्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे चिकटवले की वजन कमी राहतं आणि ताकद मात्र भरपूर मिळते. आपल्या सँडविचसारखंच समजा.

१९४७ साली ते स्टो नावाच्या गावी पहिल्यांदा स्कीइंग करायला गेले. तेव्हा स्की लाकडाच्या असायच्या, लांबलचक आणि जड. हेड सारखे पडत होते. त्यांनी दोष आपल्या पायांना दिला नाही, स्कीला दिला. विमानं लाकडाची राहिली नाहीत, मग स्की अजून लाकडाच्या का, हा त्यांचा प्रश्न होता.

पोकरमध्ये जिंकलेले सुमारे ६,००० डॉलर त्यांच्याकडे होते. त्या पैशावर त्यांनी काम सुरू केलं आणि लवकरच नोकरीही सोडली. धातूच्या पहिल्या सहा जोड्या घेऊन ते स्टोला परत गेले. तिथल्या शिकवणाऱ्यांनी वापरून बघितल्या आणि सहाच्या सहा जोड्या मोडल्या.

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. हेड यांनी मोडलेल्या स्की घरी नेल्या, कुठे मोडल्या ते तपासलं, तो भाग मजबूत केला आणि परत पाठवल्या. त्या परत मोडल्या. असं तीन हिवाळे चाललं. सुमारे चाळीस वेगवेगळे नमुने झाल्यावर १९५० साली टिकणारी आणि सहज वळणारी स्की तयार झाली. ती इतकी सोपी होती की जुने जाणकार तिला चीटर म्हणायचे, म्हणजे फसवणूक करणारी. पण नवशिक्यांची मात्र चंगळ झाली. १९६९ साली हेड यांनी ही कंपनी एएमएफ या उद्योगसमूहाला सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरना विकली. त्यांच्याच नावाच्या ब्रँडची रॅकेट घेऊन आर्थर ॲश १९७५ ची विम्बल्डन जिंकले.

निवृत्ती, टेनिस आणि पुन्हा तेच दुखणं

आता पैसा होता, वेळ होता. हेड टेनिस शिकायला लागले. क्लास लावला, कोर्ट होतं, तरी चेंडू कुठेही जायचा. सरावासाठी त्यांनी प्रिन्स नावाच्या छोट्या कंपनीचं चेंडू फेकणारं मशीन घेतलं. ते मनासारखं चालेना, म्हणून त्यात सुधारणा सुचवता सुचवता ते १९७१ मध्ये त्या कंपनीत मोठे भागीदार आणि अध्यक्षच झाले! पण मशीन सुधारलं तरी खेळ सुधारला नाही. त्यांनी पुन्हा तोच जुना प्रश्न विचारला: चूक माझी की साधनाची?

त्या काळच्या रॅकेटचं तोंड सुमारे ६५ ते ७० चौरस इंच असायचं. आपल्या मुंबईच्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये मॅच जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, तेव्हा हेच लाकडी छोट्या तोंडाचं हत्यार होतं आणि तारा जनावराच्या आतड्याच्या, म्हणजे गटच्या. चेंडू बरोबर मधोमध लागला तर उत्तम. जरा कडेला लागला की रॅकेट मुठीत गर्रकन फिरायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. कसलेला खेळाडू दहातले नऊ चेंडू मधोमध मारतो. तुम्ही-आम्ही नाही मारत.

दीडपटीचं साधं गणित

रॅकेट फिरू नये म्हणून हेड यांनी आधी तिच्या कडांना वजनं लावून बघितली. फिरणं कमी व्हायचं, पण रॅकेट जड व्हायची. मग १९७४ च्या सुमारास खरी युक्ती सुचली: वजन वाढवायचं नाही, ते मधल्या रेषेपासून लांब न्यायचं.

हे समजायला फिरती खुर्ची आठवा. खुर्चीत बसून गोल फिरताना हात पसरले की वेग लगेच कमी होतो. तुमचं वजन तेवढंच असतं, फक्त ते मध्यापासून लांब गेलेलं असतं. आणि लांबीचा हा परिणाम वर्गाने वाढतो. समजा रॅकेटची रुंदी ९ इंचावरून ११ इंच केली. रुंदी वाढली जेमतेम सव्वापट, पण फिरायला होणारा विरोध वाढला जवळपास दीडपट. तोही एक ग्रॅम वजन न वाढवता!

दुसरी गोष्ट त्यांना मोजमापातून कळली. चेंडू सगळ्यात जोरात उसळतो ती जागा तारांच्या मधोमध नसते, जरा खाली, मुठीच्या बाजूला असते. म्हणून त्यांनी तोंड रुंद तर केलंच, शिवाय खालच्या बाजूलाही वाढवलं. रॅकेटची एकूण लांबी २७ इंचच राहिली. चांगला फटका बसणारी जागा, म्हणजे स्वीट स्पॉट, त्यामुळे कितीतरी मोठी झाली.

आता गंमत बघा. रॅकेट केवढी मोठी असावी, याचा टेनिसमध्ये तेव्हा नियमच नव्हता! सगळे सवयीने एकाच मापाची बनवत होते. १९७६ मध्ये प्रिन्सची ११० चौरस इंचाची ॲल्युमिनियम रॅकेट बाजारात आली आणि त्याच वर्षी हेड यांना अमेरिकेत पेटंटही मिळालं. त्यात साधारण ८५ ते १३० चौरस इंचांचा पट्टा धरला होता.

लोक हसले. म्हाताऱ्यांची आणि कच्च्या खेळाडूंची रॅकेट म्हणून तिची टिंगल झाली. पण १९७८ मध्ये पॅम श्रायव्हर नावाची १६ वर्षांची मुलगी तीच रॅकेट घेऊन मार्टिना नवरातिलोवाला हरवत यूएस ओपनच्या फायनलमध्ये पोचली. फायनल ती ख्रिस एव्हर्टकडून हरली, पण हसणारे गप्प झाले. हळूहळू लाकडी रॅकेट मागे पडल्या आणि पुढे मोजमापाचा नियमही करावा लागला. आज रॅकेटची लांबी २९ इंचांच्या आणि रुंदी १२.५ इंचांच्या वर चालत नाही.

१९८२ मध्ये प्रिन्स कंपनी सुमारे ६ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. ३ मार्च १९९१ रोजी हेड वारले. आज दुकानात हेड आणि प्रिन्स या दोन ब्रँडच्या रॅकेट शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. दोन्हींमागे माणूस एकच!

मग आपण काय घ्यायचं?

हेड यांचा धडा सोपा आहे. साधन आपल्या हाताला शोभणारं हवं, टीव्हीवरच्या खेळाडूच्या नाही.

- तोंडाचा आकार: नवीन असाल तर १०० ते १०५ चौरस इंच. ९५-९८ वाल्या रॅकेट मधोमध मारणाऱ्यांसाठी.
- वजन: तारांशिवाय २७० ते २९० ग्रॅमच्या आसपास बऱ्याच जणांना जमतं. फार हलकी घेतली तर चेंडूचा धक्का हातात येतो, फार जड घेतली तर खांदा दमतो.
- ग्रिप: रॅकेट नेहमीसारखी धरा. बोटं आणि तळहाताच्या मधल्या फटीत दुसऱ्या हाताची करंगळीशेजारची अनामिका किंवा तर्जनी बसली की माप बरोबर. शंका असेल तर लहान माप घ्या. वरून ओव्हरग्रिप गुंडाळून जाडी वाढवता येते, कमी करता येत नाही.
- तारा: सुरुवातीला सिंथेटिक गट म्हणजे नायलॉन, किंवा जरा मऊ हवी तर मल्टिफिलामेंट. पॉलिएस्टर कडक असते. ती जोरात मारणाऱ्यांना स्पिन देते, पण नवशिक्याच्या कोपराला त्रास देऊ शकते. माझं कोपर त्यातच गेलं! खरी गट मऊ असते, पण महाग आणि ओलाव्याला नाजूक. नवी मुंबईच्या पावसाळ्यात तिचं काही खरं नाही.
- टेन्शन: फ्रेमवर पट्टा छापलेला असतो, उदा. ५० ते ६० पाउंड. मधलं किंवा जरा खालचं घ्या. तार सैल असेल तर चेंडू लांब जातो आणि हाताला आराम मिळतो. घट्ट असेल तर ताबा वाढतो, पण धक्काही वाढतो.
- तारा कधी बदलायच्या: आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून साधारण तितक्या वेळा. तुटायची वाट बघू नका, तार न तुटताही मरते.
- तारांमधलं रबर: डॅम्पनरने टणटण आवाज कमी होतो. कोपर वाचेल या आशेवर राहू नका.

घ्यायच्या आधी शक्य असेल तर कोर्टवरच्या कोणाची तरी रॅकेट अर्धा तास मागून घ्या आणि मुद्दाम कडेला चेंडू लागू द्या. मुठीत रॅकेट किती फिरते, ते हाताला लगेच कळेल. हेड यांनी हेच मोजलं होतं.

मी आता १०५ ची, मऊ तारांची रॅकेट वापरतो. बॅकहँड अजून जाळ्यातच जातो, पण चहाचा कप न कण्हता उचलता येतो. माहिती उपयोगी वाटली तर रॅकेट घ्यायला निघालेल्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा!