बाणेदार कुलगुरू

विद्यापीठाचा सारा कारभार ज्याच्या देखरेखीखाली चालतो, त्यास कुलगुरू म्हणतात. इंग्रजी अमदानीत कलकत्ता विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक सरकार करीत असे, आणि तीही दोन वर्षांपुरतीच. या पदास वेतन नव्हते. मान मात्र मोठा होता. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, परंतु पहिले भारतीय कुलगुरू गुरुदास बॅनर्जी यांची निवड होण्यास १८९० साल उजाडावे लागले. त्यानंतर १९०६ साली त्याच आसनावर आशुतोष मुखर्जी विराजमान झाले.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यास झाला. त्यांचे वडील गंगाप्रसाद हे डॉक्टर होते. गणितात आशुतोषांची बुद्धी विलक्षण चाले. एम. ए. झाल्यावर त्यांनी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळविली. ही शिष्यवृत्ती मुंबईच्या एका दानशूर व्यापाऱ्याने कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या देणगीतून चालत असे. अशा हुशार तरुणास सरकारी शिक्षणखात्याने प्राध्यापकाची जागा देऊ केली. परंतु त्या काळी एकच काम करणाऱ्या युरोपियन व भारतीय प्राध्यापकांच्या वेतनात व दर्जात मोठे अंतर असे. बरोबरीचा दर्जा मिळत नसेल तर ही जागा नको, असे आशुतोषांनी ठरविले व ते वकिलीकडे वळले. १९०४ साली ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

कुलगुरुपद त्यांनी हे न्यायदानाचे काम सांभाळून चालविले. दिवसा न्यायालय आणि उरलेला वेळ विद्यापीठ, असा त्यांचा क्रम असे. तोवर विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होती. तेथे उच्च शिक्षण व संशोधनही चालावे, असा आशुतोषांनी ध्यास घेतला. पण त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोघा नामांकित वकिलांनी लाखो रुपये दिले. घोषांची १९१३ सालची देणगीच दहा लाखांची होती. त्या द्रव्यातून १९१४ साली विज्ञान महाविद्यालयाचा पाया घातला गेला.

माणसे निवडण्यात तर आशुतोषांचा हातखंडा होता. प्रांत कोणता, वय किती, हे ते पाहत नसत. चंद्रशेखर वेंकट रामन हे मद्रासकडील तरुण तेव्हा कलकत्त्यास सरकारी हिशेबखात्यात मोठ्या पगारावर होते आणि फावल्या वेळात शास्त्रीय प्रयोग करीत. आशुतोषांनी त्यांना पालित प्राध्यापकाची जागा देऊ केली. परदेशी जाऊन शिक्षण घेण्याची अट रामन यांना मान्य नव्हती. तेव्हा ती अटच बाजूस ठेवण्यात आली. १९१७ साली रामन कमी वेतनावर विद्यापीठात रुजू झाले. पुढे १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले! प्राचीन इतिहासासाठी आशुतोषांनी महाराष्ट्रातून देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांना आणले, तर तत्त्वज्ञानासाठी म्हैसूरहून सर्वपल्ली राधाकृष्णन यांना.

सलग आठ वर्षे काम करून १९१४ साली आशुतोष पदावरून उतरले. १९२१ साली त्यांना पुन्हा बोलावणे आले, तेव्हा विद्यापीठाची तिजोरी रिकामी होत आली होती. प्राध्यापकांचे पगारही थकू लागले. सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण त्यास अटी अशा जोडल्या की, त्या मान्य केल्यास विद्यापीठाचा कारभार सरकारच्या मुठीत गेला असता. पैशाची निकड कोणास नव्हती? तरीही विद्यापीठाच्या सिनेटने ती रक्कम नाकारली.

मार्च १९२३ मध्ये आशुतोषांची मुदत संपत आली. बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन हेच त्या वेळी विद्यापीठाचे कुलपती होते. त्यांनी आशुतोषांना पत्र लिहिले. सरकारला विरोध न करता सहकार्य करण्याचे वचन दिल्यास पुन्हा नेमणूक होईल, असा त्याचा आशय होता. आशुतोषांनी उत्तरास दोन दिवसांहून अधिक वेळ लावला नाही. असल्या अटीवर मिळणारे पद आपण घेणार नाही, असे त्यांनी रोखठोक कळविले. ज्या विद्यापीठासाठी त्यांनी आयुष्याची इतकी वर्षे वेचली, त्याचे सर्वोच्च आसन त्यांनी एका पत्राने सोडले. लोक त्यांना बंगालचा वाघ म्हणत, ते काही उगीच नव्हे.

त्यांच्या जागी भूपेंद्रनाथ बसू यांची नेमणूक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आशुतोष न्यायमूर्तिपदावरूनही निवृत्त झाले आणि पुन्हा वकिली करू लागले. एका खटल्यासाठी ते पाटण्यास गेले असता २५ मे १९२४ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांचा देह आगगाडीने कलकत्त्यास आणण्यात आला.