दोन भावांचा कारखाना

मुलांनो, जळगावात किंवा धुळ्यात शाळेला येताना तुम्ही वेल्डिंगची दुकाने रोज पाहता. निळ्या ठिणग्या उडतात, डोळे दिपतात. अशा दुकानांत बहुधा एकाच घरची माणसे असतात. वडील माप घेतात, मोठा मुलगा लोखंड कापतो, धाकटा रंग देतो. माझे मामू धुळ्यात खिडक्यांच्या जाळ्या बनवत. लोखंडाला हात लावण्यापूर्वी ते फरशीवर खडूने सगळी जाळी काढत. लहानपणी मला वाटे, यात उगाच वेळ जातो. आज ज्यांची माहिती तुम्ही वाचणार आहात, त्यांचा कारखानाही अशाच रेषांतून उभा राहिला.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे, हे दोनच छंद. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक वाईट गोष्ट कळली. त्यांना काही रंगांतला फरक दिसत नव्हता! चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? रंग सुटले, पण रेषा हातात राहिली. लक्ष्मणराव यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. यंत्राच्या चित्रात रंगाचे काम नसते. माप अचूक लागते.

1888 साली त्यांनी थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांच्याबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. पुढे तंत्रशाळेत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते भावाकडे परत आले.

दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना निघाला. तेथे कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. मोठे चाक, त्याला धारदार पाती, फिरवायला मूठ. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी म्हैस आहे, त्यांना हे लगेच समजेल. अख्खा कडबा टाकला, की जनावर पाने खाते आणि धांडे तुडवते. कुट्टी केली, तर चारा वाया जात नाही.

मग 1903 साली लोखंडी नांगर आला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा थर उलटा पाडतो. हरळी, कुंदा यांसारख्या हट्टी गवतांची मुळे उन्हात येऊन वाळतात. तरीही नांगर खपेनात! लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकऱ्यांना वाटत होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसू नका. ज्याचे वर्षभराचे पोट एका शेतावर आहे, तो नवी वस्तू त्या शेतात सहज कशी घालील? लक्ष्मणरावही हसले नाहीत. ते नांगर सुधारत राहिले आणि लोकांना दाखवत राहिले.

नांगर जरा खपू लागले, तोच नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. जमलेला धंदा उचलून न्यायचा कोठे? त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना औंधला यमाई देवीच्या मंदिराचा सभामंडप बांधायचे काम दिले. राजे स्वतः चित्रकार होते. या माणसाच्या हाताची किंमत त्यांनी ओळखली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन दिली आणि कर्जही दिले.

ती जमीन कशी होती? निवडुंग, दगड आणि साप! पाणीही थोडेच. 1910 साली भाऊ, बायका, मुले आणि कामगार अशी सगळी मंडळी तेथे गेली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी केली. ते शिकलेले इंजिनिअर नव्हते, तरी रस्ते आणि घरे त्यांनीच बसवली. तुरुंगातून सुटून आलेल्या काही माणसांना लक्ष्मणरावांनी राखणीचे काम दिले. मला स्वतःला नांगरापेक्षाही ही गोष्ट धाडसाची वाटते. या माळाचे नाव पडले किर्लोस्करवाडी. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.

नांगर कसा बनतो, तेही पाहा. आधी कागदावर चित्र, मग त्याच मापाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून काढला, की त्याच्या आकाराची पोकळी राहते. तीत वितळलेले लोखंड ओततात. थंड झाल्यावर वाळू झाडून कानस मारतात. चित्रात एक रेषा चुकली, तर तीच चूक प्रत्येक नांगरात उतरते. मामूंचा खडू मला येथे आठवतो.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येईना, म्हणून देशी नांगरांना मागणी वाढली. पण लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या. तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

पुढे कारखान्यात भुईमूग फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि पाण्याचे पंप बनू लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आले आणि याच कारखान्यात कामाला लागले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव वारले. किर्लोस्करवाडीत पंप आजही तयार होतात. रावेर, यावलकडे केळीच्या बागेत गेलात, तर विहिरीवरच्या पंपावरचे नाव वाचून पाहा.