गो. नी. दांडेकर

गोपाळ नीलकंठ दांडेकर ऊर्फ गोनीदा (जन्म : परतवाडा, ८ जुलै १९१६, मृत्यू : पुणे, १ जून १९९८) हे मराठी कादंबरीकार, चरित्रकार आणि दुर्गप्रेमी होते. निकटवर्तीय त्यांना अप्पा म्हणत. कोकणाचे, मावळाचे आणि सह्याद्रीचे लेखक म्हणून ते ओळखले जातात. त्यांचा जन्म मात्र वऱ्हाडातला, अमरावती जिल्ह्यातला. महाराष्ट्रातील तरुणांना गडकिल्ल्यांवर हिंडण्याची गोडी ज्यांनी लावली, त्यांत गोनीदांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

बालपण आणि भ्रमंती

परतवाडा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. तेथून घाट चढून गेले की चिखलदरा लागते आणि चिखलदऱ्यालगतच गाविलगडाची तटबंदी दिसते. हा बलाढ्य किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १८०३ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून जिंकून घेतला. गोनीदांच्या दुर्गवेडाचे मूळ या जन्मस्थानात शोधण्याचा मोह होतो; तो आवरलेला बरा, कारण त्यांचे मन रमले ते पुढे सह्याद्रीत.

त्या काळच्या वऱ्हाडात तरुणांना घराबाहेर मोकळ्या मैदानावर आणणारी जागा म्हणजे आखाडा. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभे केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. आखाड्यात वस्ताद असे, शिस्त असे, रोजची हजेरी असे. गोनीदांनी पुढे तरुणांना जी वाट दाखविली, तीत यांपैकी काहीही नव्हते.

स्वातंत्र्य चळवळीच्या ओढीने वयाच्या बारा-तेराव्या वर्षीच त्यांनी शाळा सोडली आणि ते घराबाहेर पडले. पुढे ते संत गाडगे महाराजांच्या सहवासात आले. महाराजही अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा महाराजांचा क्रम होता. अशा माणसाबरोबर गावोगाव पायी फिरताना या मुलाला जे शिक्षण मिळाले, ते कोणत्याही शाळेत मिळाले नसते. त्यांनी महाराजांचे चरित्रही लिहिले. आळंदीच्या वास्तव्यात त्यांनी संतवाङ्मयाचा अभ्यास केला. नर्मदा परिक्रमेच्या अनुभवांतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आकाराला आली. १९४७ च्या सुमारास त्यांनी लेखनावरच उपजीविका करण्याचे ठरविले आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे ते स्थिरावले.

लेखन आणि दुर्गभ्रमण

‘शितू’ आणि ‘पडघवली’ या कोकणातील कादंबऱ्यांनी त्यांना कीर्ती मिळाली. ‘मोगरा फुलला’, ‘तुका आकाशाएवढा’, ‘दास डोंगरी राहतो’ या संतचरित्रात्मक कादंबऱ्यांनाही मोठा वाचकवर्ग लाभला. ‘जैत रे जैत’वर जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये चित्रपट काढला. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात्मक पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

डोंगरांकडे तरुणांना खेचून नेण्यात त्यांच्या दुर्गविषयक ग्रंथांइतकाच कादंबऱ्यांचाही वाटा आहे, किंबहुना थोडा अधिकच. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते. मुंबईचा गलबला सोडून एक म्हातारा माचीवर परततो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या सोबतीने एकटा राहतो, एवढेच कथानक. तरीही ही कादंबरी वाचलेल्या मुलाला राजमाची कोठे आहे, हे विचारल्यावाचून राहवत नाही. आणि राजमाची तर लोणावळ्याहून पायी गाठण्याजोगी! ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंग किल्ल्याच्या हवालदाराची गोष्ट सांगते, तर ‘वाघरू’ वाचकाला राजगडावर नेते. गड म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातील एक नाव, ही समजूत या कादंबऱ्यांनी मोडली. गडावर आजही माणसे राहतात, त्यांना भूक लागते, त्यांची गुरे हरवतात, हे शहरी वाचकाला प्रथमच जाणवले.

‘किल्ले’, ‘दुर्गदर्शन’, ‘शिवतीर्थ रायगड’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे त्यांचे दुर्गविषयक ग्रंथ. सर्व गडांत राजगड त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या त्याच्या तीन माच्या व उंच बालेकिल्ला त्यांनी अनेकदा, वेगवेगळ्या ऋतूंत पाहिला. सकाळी चढून संध्याकाळी उतरणे त्यांना मानवत नसे. गडावर मुक्काम करावा, तेथील टाक्यांचे पाणी प्यावे, पायथ्याच्या माणसांशी बोलावे, हा त्यांचा परिपाठ. तरुणांना ते बरोबर नेत. ना सभासदत्व, ना गणवेश. ज्याला पाय आणि उत्सुकता आहे, तो त्यांच्या मंडळीतला. गिर्यारोहणाच्या संस्था तंत्र शिकवीत होत्या; डोंगरावर जायचे कशासाठी, हे सांगण्याचे काम बव्हंशी गोनीदांच्या पुस्तकांनी केले. छायाचित्रणाचाही त्यांना छंद होता आणि त्यांनी गडांची पुष्कळ छायाचित्रे टिपली.

त्यांचे दुर्गलेखन भक्तिभावाने ओथंबलेले आहे. ज्या विद्यार्थ्याला सनावळी आणि साधनांची चिकित्सा हवी आहे, त्याने जोडीला इतिहासकारांचे ग्रंथ वाचावेत. पण त्या विद्यार्थ्याला गड चढावासा वाटेल तो बहुधा गोनीदा वाचूनच.

अकोला संमेलन

१९८१ मध्ये अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. (त्याच वर्षी रायपूरला आणखी एक संमेलन गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली झाले, त्यामुळे वर्षाच्या उल्लेखात गोंधळ होऊ शकतो.) बालवयात घर सोडून गेलेल्या वऱ्हाडपुत्राचा सन्मान वऱ्हाडातच व्हावा, हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल.

अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरावर नरनाळा हा विस्तीर्ण किल्ला आहे. गाविलगड काय किंवा नरनाळा काय, राजगडाला गोनीदांच्या लेखनात मिळालेले स्थान या दोहोंना मिळाले नाही. वऱ्हाडातला तरुण दुर्गभ्रमण म्हटले की आजही रात्रभराचा प्रवास करून पुणे गाठतो, त्यामागे या लेखनाचा प्रभाव काही अंशी असावा. मेळघाटच्या जंगलामुळे तेथे वन विभागाचे नियम पाळावे लागतात, हेही एक कारण आहेच.

गोनीदांच्या कन्या वीणा देव व जामात विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे कार्यक्रम अनेक वर्षे केले. गोनीदांच्या नावाने स्थापन झालेल्या दुर्गप्रेमी मंडळाने दुर्ग साहित्य संमेलने सुरू केली.