तापीकाठचे दुःख आणि जहाँआराची उमेद

रमजानच्या पहिल्या दहा दिवसांना रहमतचा अशरा म्हणतात. रहमत म्हणजे अल्लाहची दया. अरबी भाषेत रहमत हा शब्द आणि आईच्या गर्भाशयासाठीचा शब्द एकाच धातूपासून आले आहेत. कितीही मोठे दुःख कोसळले तरी या दयेची आशा सोडू नये, अशी कुरआनची शिकवण आहे. ऐकायला ती सोपी वाटते; पण घरातले माणूस गेल्यावर तीच सर्वांत अवघड होते. ही शिकवण आयुष्यभर निभावणाऱ्या एका शहजादीवर पहिला घाला आपल्याच तापीकाठी पडला.

शिंदखेडा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी तापी बऱ्हाणपूरहून येते. बऱ्हाणपूर तेव्हा खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण होते. तिथे १७ जून १६३१ रोजी बादशहा शाहजहानची बेगम मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. नवजात मुलगी वाचली. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत बेगमला तात्पुरते दफन केले आणि सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल सर्वांना ठाऊक आहे. थोरली मुलगी जहाँआरा मात्र फारशी कुणाला आठवत नाही. तेव्हा ती १७ वर्षांची होती.

त्याच सुमारास दख्खन, गुजरात आणि खानदेशात भीषण दुष्काळ पडला होता. बऱ्हाणपुरात लंगर उघडले गेले, दर सोमवारी गरिबांना ५,००० रुपये वाटले जात. महालात एक मृत्यू झाला होता, महालाबाहेर तर घरेच्या घरे ओस पडत होती.

जहाँआराला रडायला फार सवड मिळाली नाही. बाप खचला होता, भावंडे लहान होती. शाही जनान्याची जबाबदारी तिच्यावर आली. शोक करणे इस्लामला अमान्य नाही. लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबर साहेबांचेही डोळे भरून आले होते. मना आहे ती निराशा. जहाँआराने डोळे पुसले आणि आईची जागा घेतली.

पुढे ती सूफी मार्गाकडे वळली. अजमेरचे ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्यावर तिने फारसीत ग्रंथ लिहिला. त्याच्या ‘मूनिस-उल-अरवाह’ या नावाचा अर्थ आत्म्यांचा सोबती. १६४४ मध्ये मेणबत्तीने तिच्या कपड्यांनी पेट घेतला. तिला वाचवताना दोन दासींचा जीव गेला. ती स्वतः कित्येक महिने मरणाच्या दारात होती. बरी झाल्यावर ती अजमेरला शुकराना अदा करायला, म्हणजे अल्लाहचे आभार मानायला गेली. आग्र्याची जामा मशीद तिने बांधवली आणि दिल्लीचा चांदणी चौकही तिच्याच आज्ञेने वसला.

सर्वांत कठीण परीक्षा पुढेच होती. १६५८ मध्ये औरंगजेबाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केले. दुसऱ्याच वर्षी तिचा लाडका भाऊ दारा मारला गेला. मारणाराही भाऊच. जहाँआराला मोकळे राहता आले असते. तिने बापासोबत किल्ल्यात राहणे पत्करले. जानेवारी १६६६ मध्ये शाहजहानने डोळे मिटले तेव्हा ती उशाशी होती. मरण्याआधी बापाने औरंगजेबाला माफ करावे म्हणून तिने त्याचे मन वळवले, असे इतिहासकार लिहितात. ज्याला अल्लाहकडून दया हवी, त्याने माणसांवर दया करावी, या शिकवणीची यापेक्षा कठीण कसोटी कोणती?

तिला गेलेले काहीच परत मिळाले नाही. आई परतली नाही, दारा परतला नाही. रहमतची आशा म्हणजे हरवलेले परत मिळेल असा हिशेब नव्हे. दुःख असूनही समोरच्या माणसाच्या उपयोगी पडण्याचे बळ मिळणे, हीसुद्धा रहमतच. यंदा एखाद्या घरात सहरीच्या दस्तरखानावर एक ताट कमी असेल, किंवा शेजारच्या घरी दिवाळी दुखवट्यात गेली असेल. अशा घरांना उपदेश नको असतो. जाऊन शेजारी बसणारे माणूस हवे असते.

दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या दर्ग्याच्या आवारात जहाँआराची कबर आहे. आईसाठी ताजमहाल उभा राहिला. मुलीने स्वतःच्या कबरीवर छतसुद्धा नको म्हटले. चहूबाजूंनी संगमरवरी जाळी, वर मोकळे आभाळ आणि कबरीवर गवत. ती गेली सप्टेंबर १६८१ मध्ये. हिजरी तारीख होती ३ रमजान. रहमतचा अशरा नुकताच सुरू झाला होता.