डिझेल : ज्वलनाने झपाटलेला अभियंता

पेट्रोल पंपावर दिवसभर उच्चारला जाणारा ‘डिझेल’ हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे, याचा बहुतेकांना विसर पडला आहे. रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि कुटुंबाला लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे झाली.

म्युनिकच्या तंत्रशाळेत शीतकरण यंत्रांसाठी ख्यातनाम असलेले कार्ल फॉन लिंडे त्यांना शिकवीत. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते, हे कळल्यापासून डिझेल यांना चैन पडेना. १८८० मध्ये पदवी मिळवून ते लिंडे यांच्याच व्यवसायात पॅरिसला रुजू झाले. तेथे पाण्याऐवजी अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालविण्याच्या खटपटीत त्यांची कित्येक वर्षे खर्ची पडली. यश आले नाही.

दैवगती अशी, की कर्बरहित इंधन म्हणून हाच अमोनिया आता डिझेल यांच्याच धर्तीच्या जहाजी इंजिनांत जाळून पाहिला जात आहे. तो मोठा हट्टी. सुमारे ६५० अंश सेल्सिअसखाली तो आपणहून पेट घेत नाही आणि त्याची ज्वाला मिथेनच्या ज्वालेच्या साधारण एक पंचमांश वेगाने सरकते. म्हणून आधी डिझेलची बारीकशी पिचकारी पेटवून त्याला चेतवावे लागते. शिवाय नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचा प्रश्न उरतोच.

अमोनियाचा नाद सोडल्यावर डिझेल यांनी निराळा विचार मांडला. सिलिंडरमधील हवा इतकी दाबायची, की त्या तापलेल्या हवेत इंधन ठिणगीवाचून पेटावे. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्यात १८९३ च्या पहिल्याच चाचणीत स्फोट होऊन दाबमापक उडाला. अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्र्योटर यांच्या चाचणीत इंजिनाने २६.२ टक्के कार्यक्षमता दाखविली.

हे यश निर्भेळ नव्हते. तापमान स्थिर राखून ज्वलन घडविण्याची पेटंटातील कल्पना प्रत्यक्षात उतरलीच नाही. चाललेले इंजिन त्याहून वेगळे होते. टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. वास्तविक आपला लाडका सिद्धांत बाजूला ठेवून यंत्र चालते करणे, हेच त्यांचे खरे कर्तृत्व म्हणावे लागेल. परंतु वादांनी प्रकृती खचली आणि चुकीच्या गुंतवणुकींत मिळालेली संपत्ती बुडाली.

१९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेल इंजिनाचे जहाज महासागरी प्रवासाला निघाले, तेव्हा त्यांचा निर्माता कर्जात बुडालेला होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर डिझेल जेवून केबिनकडे गेले. सकाळी अंथरूण तसेच होते, डायरीत त्या तारखेपुढे लहानशी फुली होती. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेऊन देह पुन्हा लाटांच्या स्वाधीन केला. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.