अणुभट्टीचा हिशेब मागणारे कोसंबी

पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये २५ जुलै १९६० रोजी अणुऊर्जेवर एक भाषण झाले. त्या काळी या विषयावरचे भाषण म्हणजे बहुधा कौतुकच असे. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू होऊन चार वर्षे झाली होती, आणि अणूच्या बळावर देश गरिबी ओलांडून जाईल असे सुशिक्षितांना मनापासून वाटत होते. या वक्त्याने मात्र हिशेब मांडायला घेतला. अणुवीज खरोखर कितीला पडते? किरणोत्सारी कचरा कुठे ठेवायचा, आणि किती पिढ्या सांभाळायचा? वर्षातले बहुतेक दिवस ज्या देशावर ऊन कोसळते, त्याने आधी सूर्याकडे का पाहू नये?

वक्ते होते दामोदर धर्मानंद कोसंबी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते. त्या संस्थेचे संचालक होमी भाभा हेच अणुऊर्जा आयोगाचेही अध्यक्ष होते. म्हणजे कोसंबी आपल्याच वरिष्ठांच्या आयुष्यभराच्या स्वप्नावर, त्यांच्याच संस्थेच्या नोकरीत असताना, जाहीर प्रश्नचिन्ह लावत होते. सरकारी वा निमसरकारी नोकरी केलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

कोसंबींचा जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकवत. हार्वर्ड विद्यापीठातल्या कामासाठी त्यांना अमेरिकेला जावे लागे, आणि १९१८ मध्ये ते मुलालाही सोबत घेऊन गेले. दामोदर शाळा तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी उच्च श्रेणीत मिळवून परतले. बनारस आणि अलिगढ येथे शिकवून झाल्यावर ते फर्ग्युसनमध्ये आले आणि सुमारे १२ वर्षे तिथे राहिले. १९४५ च्या सुमारास भाभांनी नवी संस्था उभारायला घेतली, तेव्हा सुरुवातीलाच बोलावलेल्या माणसांत कोसंबी होते. दोघे मित्र होते, हे पुढचे समजण्यासाठी लक्षात ठेवायला हवे.

नोकरी मुंबईत, घर मात्र पुण्यात, भांडारकर संस्थेच्या परिसरात. वर्षानुवर्षे ते सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला जात आणि संध्याकाळी परत येत. ही गाडी सुरुवातीपासून विजेवर चालणारी. घाट उतरताना खोपोली लागते, तिथे १९१५ पासून टाटांची जलविद्युत तयार होत होती. आणि पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. विजेची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजतच असते, हे पुण्याच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नव्हते.

बहुतेक वाचकांना कोसंबी माहीत आहेत ते इतिहासकार म्हणून. प्राचीन भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची रीतच त्यांनी बदलली. पण डॉक्टरांच्या आणि जीवशास्त्रज्ञांच्या दृष्टीने त्यांचे एक वेगळे काम महत्त्वाचे आहे. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे डोळ्यांनी दिसत नाही. पुढच्या पिढीत ती एकत्र येतात की वेगळी होतात, ते मोजून अंतराचा अंदाज बांधावा लागतो. त्यासाठीचे एक सूत्र कोसंबींनी १९४४ मध्ये मांडले. आजही पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे संशोधक ते ‘कोसंबी सूत्र’ याच नावाने वापरतात. त्यामुळे किरणोत्सार आणि आनुवंशिकता यांबद्दल ते बोलत तेव्हा विषयाबाहेरचा माणूस बोलत नव्हता.

आणखी एक सवय त्यांच्या कामात सगळीकडे दिसते. प्राचीन नाण्यांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी हजारो नाणी एक एक करून तोलली. नाणे हातोहात फिरले की झिजते, तेव्हा वजनातली घट हेच त्याच्या प्रवासाचे घड्याळ. मग चालू व्यवहारातली नाणी खरोखर किती झिजतात, हेही त्यांनी तोलून पाहिले. कोणी सांगितले म्हणून मान्य नाही, तराजूत घालून पाहू, असा स्वभाव. अणुऊर्जेलाही त्यांनी हाच तराजू लावला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अणुविजेचा जो दर सांगितला जातो त्यात संशोधनावरचा प्रचंड खर्च आणि कचऱ्याची विल्हेवाट पुरती धरलेली नसते. खेड्यातल्या घराचे खरे इंधन लाकूड आणि शेणी हेच आहे. लाकडापायी जंगल जाते, आणि शेण चुलीत गेले की शेताचे खत जाते. अशा घरापर्यंत मोठ्या केंद्राची वीज तारांनी पोचवायला फार पैसा लागेल. ऊन मात्र दारातच पडलेले आहे. ते कोणाच्या मालकीचे नाही, त्याला आयात करावे लागत नाही, आणि त्यातून बाँबही तयार होत नाही. हा शेवटचा मुद्दा त्यांच्या दृष्टीने गौण नव्हता. हिरोशिमानंतरच्या जागतिक शांतता चळवळीत ते हिरिरीने काम करत होते.

या यादीत एक गोष्ट डॉक्टरांनी जोडायची ती चुलीच्या धुराची. कोसंबींनी शेणीचा हिशेब खताच्या अंगाने केला. पण त्याच शेणीच्या धुराने खेड्यातल्या बायकांची फुप्फुसे निकामी होतात. आयुष्यात कधी विडी न ओढलेली साठीची बाई धाप लागून रुग्णालयात येते, तेव्हा तिच्या आजाराचे मूळ बहुधा स्वयंपाकघरात सापडते.

आता भाभांची बाजू. तीही पोकळ नव्हती. देशातला कोळसा मुख्यतः पूर्वेकडे, बिहार-बंगालच्या पट्ट्यात. मुंबई आणि गुजरातच्या गिरण्यांपर्यंत तो रेल्वेने आणायचा तर भाडेच भारी पडे. म्हणून पहिले अणुवीज केंद्र पश्चिम किनाऱ्यावर हवे, हा युक्तिवाद बिनतोड होता. त्यातूनच तारापूर निघाले. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर आहे, त्यावर पुढची शंभर वर्षे चालतील अशा अणुभट्ट्यांचा टप्प्याटप्प्याचा आराखडा भाभांनी आखला होता. चूक झाली ती उत्साहाच्या आकड्यांत. १९८० पर्यंत ८,००० मेगावॅट असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात त्या वर्षी देशाची अणुवीज क्षमता १,००० मेगावॅटही नव्हती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी मदत आटली, हेही त्याचे एक कारण होते. दिलेले आकडे तपासून घ्या, हे सांगणारा माणूस मात्र १९६० मध्येच पुण्यात उभा होता.

कोसंबींचेही सगळे बरोबर ठरले नाही. त्या वेळी सूर्यापासून वीज करणारी सिलिकॉनची चकती नुकतीच जन्मली होती. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बनलेली पहिली चकती उन्हाच्या जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज करत असे, आणि ती इतकी महाग की उपग्रहावर बसवण्यापलीकडे तिला गिऱ्हाईक नव्हते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सूर्यचूल तयार केली, ती घराघरांत रुजली नाही. भाकरी सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीला होते, आणि सूर्यचुलीला ऐन दुपारचे ऊन लागते. उन्हाची ऊर्जा साठवायची कशी, हा प्रश्न कोसंबींच्या आशावादापेक्षा चिवट निघाला.

अणू की सूर्य हा वाद चालू असताना जिंकला तिसराच, तो म्हणजे कोळसा. आजही देशातली सत्तर टक्क्यांच्या वर वीज कोळशाची आहे, अणुवीज सुमारे ३ टक्के. या मधल्या साठ वर्षांत राख, गंधकाचा धूर आणि सूक्ष्म कण लोकांच्या छातीत गेले. त्याची बातमी झाली नाही, कारण दमा आणि हृदयविकार स्फोट होऊन येत नाहीत. चेर्नोबिलचा अपघात १९८६ मध्ये झाला आणि पुढे तिथल्या मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण सापडले. ते जगाला ठाऊक आहे आणि ठाऊक असायलाच हवे. कोळशाच्या केंद्राशेजारी राहणाऱ्या माणसाच्या खोकल्याची मात्र अशी मोजदाद कोणी ठेवत नाही.

दुसरा हिशेब कोसंबी आणि भाभा दोघांच्याही वादात नव्हता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची अखंड मोजणी हवाईच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये सुरू झाली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. एक युनिट वीज तयार करताना, खाणीपासून केंद्र मोडीत काढेपर्यंतचे सगळे धरून, कोळशातून ८०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अणुविजेत तो साधारण १२ ग्रॅम, आणि सौर विजेत ४०-५० ग्रॅम. म्हणजे या तराजूत अणू आणि सूर्य एकाच पारड्यात बसतात. कोसंबींचे नाव घेऊन अणुवीज आज सरसकट मोडीत काढणे म्हणूनच बरोबर नाही. त्यांचे आक्षेप खर्चाचे, कचऱ्याचे आणि गुप्ततेचे होते, आणि तेवढ्यापुरते ते जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटच्या प्रस्तावालाही जसेच्या तसे विचारता येतात. देशाची सौर क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली. अणुवीज तेव्हा ८,००० च्या थोडी पुढे होती. अर्थात सौर पट्ट्या रात्री झोपतात आणि अणुभट्टी झोपत नाही, तेव्हा नुसत्या क्षमतेच्या आकड्यांवर टाळ्या वाजवू नयेत. कोसंबींनी तरी वाजवल्या नसत्या.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. कारण एकच नव्हते. गणितातल्या एका अवघड प्रमेयाची सिद्धता मिळाल्याचा त्यांचा दावा चुकीचा निघाला होता आणि त्याने संस्थेची पंचाईत झाली होती. त्यांचे बरेच लक्ष इतिहासाकडे वळले होते, आणि तोडून बोलण्याचा स्वभाव तर होताच. पण अणुऊर्जेवरची जाहीर टीका या सगळ्यात नव्हती असे मानायला मन धजत नाही. जुन्या मैत्रीत तेव्हा काही उरले नव्हते.

नोकरी गेल्यावर ते पुण्याचे पूर्णवेळ रहिवासी झाले. सांधेदुखीने त्रस्त असूनही काठी घेऊन आसपासच्या टेकड्या तुडवत, अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे वेचत. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसायला जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांनी अविकसित प्रदेशांसाठीच्या सौर ऊर्जेवर पुन्हा लिहिले. नोकरी जाऊनही मत बदलले नव्हते.

भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या विमान अपघातात गेले. कोसंबी त्यानंतर पाच महिन्यांनी, २९ जूनच्या पहाटे, पुण्यातल्या घरी झोपेतच हृदयविकाराने गेले. वय ५८. आदल्याच दिवशी घरच्या डॉक्टरांनी तपासून प्रकृती ठीक असल्याचे सांगितले होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आत काय चालले आहे हे नाडी आणि रक्तदाबावरून कळत नाही, आणि तेव्हा याहून जास्त पाहण्याची सोय फारशी नव्हती.

तारापूरची वीज १९६९ मध्ये सुरू झाली. ती पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते.